आधी चालव

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. तुझ्या जुन्या फोर्डची हॉट रॉड (म्हणजे जुनी गाडी उघडीबोडकी करून, तगडं इंजिन घालून वेगासाठी बनवलेली गाडी) करायची म्हणून जी एक्सेल शीट जोडलीस, तीही उघडून पाहिली. चाकांचे पर्याय, रंगांचे पर्याय, खांब कापून छत दोन इंच खाली आणलं तर कसं दिसेल आणि चार इंच कापलं तर कसं दिसेल याची चित्रं, नव्या कोऱ्या एलएस इंजिनाचे (शेवरोलेच्या आधुनिक व्ही-८चे) भाव. सगळं आहे. इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, हाताने हलतो का, ब्लॉकला तडा आहे का, मागच्या मालकाने रेडिएटरमध्ये काय ओतून ठेवलं होतं, याबद्दल मात्र एक ओळ नाही. आणि शेवटी विचारतोस, "काका, करू की विकून टाकू?"

विकायचं नंतर बघू. आधी चालव.

तुझी दुसरी शंका, की "हा आपला वारसा नाही, त्या म्हाताऱ्या गोऱ्या लोकांत मी कोण", ती मी पहिल्या झटक्यात निकालात काढतो. ज्यांच्या कॅमशाफ्टचं (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) नाव घेतल्याशिवाय हॉट रॉडचा इतिहास पुरा होत नाही ते एड इस्केंडेरियन हे आर्मेनियातून आलेल्या कुटुंबातले. युद्धानंतर एका कॅमसाठी त्यांना पाच महिने थांबावं लागलं, तेव्हा वैतागून त्यांनी एक जुनं ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं, त्यात फेरफार केले आणि स्वतःच कॅम घासायला बसले. त्यांच्या आधीचे त्या विद्येतले वस्ताद एड विनफिल्ड. त्यांच्याकडे बघूनच इस्की, म्हणजे इस्केंडेरियन, शिकले. तिथे कुणी कुणाचं गाव विचारलं नाही. मला इथे अमेरिकेत एवढी वर्षं झाली, मलाही कुणी विचारलं नाही. विचारतात ते एवढंच, की गाडी इथवर चालवत आणलीस की ट्रेलरवर टाकून?

हा प्रश्न फुकटचा नाही, त्यामागे पूर्वपीठिका आहे. १९३०च्या दशकात लॉस एंजेलिसची पोरं मोहावीच्या वाळवंटात कोरड्या तलावांच्या पात्रात जायची, मुरॉकला, हार्परला, एल मिराजला. रातोरात गाडी हाकत पोचायचं, तिथे मडगार्ड काढायचे, दिवे काढायचे, काच काढायची, वेग लावायचा, वेळ मोजून घ्यायची, संध्याकाळी सगळं परत बसवायचं आणि त्याच गाडीने घरी. सोमवारी तीच गाडी कामावर. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. मुरॉक पुढे लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. एल मिराजला अजून शर्यती होतात. तुला आवडणारं ते सगळं रूप, उघडी चाकं, दिव्यांच्या जागी नुसत्या पट्ट्या, त्याच सवयीतून आलंय. कुणी कागदावर काढून बनवलेलं नाही. आणि तू कागदच घेऊन बसला आहेस.

आता कामाचं. तुझ्याकडे फोर्डचं १९३१चं मॉडेल ए कूप आहे आणि त्यासोबत आलेलं, जाम झालेलं फोर्डचंच फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, वर नुसतं सपाट हेड, म्हणून फ्लॅटहेड). फोर्डने १९३२ मध्ये हे इंजिन स्वस्त गाडीत घातलं, २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. दहा वर्षांत ते भंगारात ढिगाने मिळू लागलं आणि पोरांच्या हाती आलं. त्याची खोड अशी, की एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून जातात. मधल्या दोन सिलिंडरांची तर वाट एकच. म्हणजे बाहेर फेकायची उष्णता आधी आपल्याच पाण्याला द्यायची. म्हणून ते तापतं, आणि तापून तापून व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे तडा जातो, नाहीतर हेडच्या स्टडच्या भोकापासून पाण्याच्या वाटेकडे.

तेव्हा एक पैसा खर्च करायच्या आधी प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन मिसळून सोड आणि आठवडाभर विसर. घाई करून पान्ह्याला पाइप लावू नकोस. मग हेड काढ. स्टड तुटतील, तुटू देत, ते काढता येतात. नुसता ब्लॉक मशीन शॉपला ने, उकळून धुवायला सांग, मॅग्नाफ्लक्स करून तडे बघायला सांग, पाण्याच्या दाबावर तपासायला सांग. जॅकेटमध्ये ओतकामाच्या वेळची वाळू आणि नव्वद वर्षांचा गंज असतो. तो तारेने खरवडून काढायचं काम मात्र तू स्वतः कर. ते कंटाळवाणं आहे, म्हणून कुणी करत नाही, आणि मग म्हणतात फ्लॅटहेड तापतं.

ब्लॉक फुटका निघाला तर रडायचं नाही. १९५५ला शेवरोलेचं २६५ घन इंचांचं स्मॉल ब्लॉक आलं आणि फ्लॅटहेडची पूजा करणाऱ्यांनीच चार-पाच वर्षांत त्याला गॅरेजच्या कोपऱ्यात ढकललं. फोर्डमध्ये शेव्ही, म्हणजे शेवरोलेचं इंजिन, घातली म्हणून तुला शोमध्ये नाक मुरडणारे आहेत ना, त्यांच्या बापजाद्यांनी हेच केलं. मिळेल ते, परवडेल ते, चालेल ते. एलएस घाल, काही पाप नाही. (तरी ब्लॉक चांगला निघाला तर फ्लॅटहेडच ठेव. का म्हणून विचारू नकोस. मी माझ्यात तेच ठेवलंय आणि सगळ्यांचं ऐकून घेतलंय.)

चालव म्हणजे काय, तेही सांगतो, नाहीतर तू उद्याच किल्ली फिरवशील. मॉडेल एचे ब्रेक दांड्यांचे आहेत, चाळीस घोड्यांसाठी केलेले. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक यायला १९३९ उजाडलं. तेव्हा त्या किंवा त्यानंतरच्या गाडीचे ब्रेक बसवल्याशिवाय व्ही-८ चालू करून गल्लीच्या बाहेर काढायचं नाही. पेट्रोलची टाकी तुझ्या गुडघ्यांच्या पुढे, डॅशबोर्डच्या जागी आहे, हे लक्षात आलंय का? मागे ने ती. चेसिसच्या पट्ट्या उघड्या सी आकाराच्या आहेत, त्यांना आतून पत्रा लावून बंद कर, तरच त्या व्ही-८चा पीळ सोसतील. ब्रेक, स्टिअरिंग, चेसिस, टाकी, सीटबेल्ट. एवढं झालं की गादीच्या जागी बादली ठेवून तिच्यावर बस आणि चालव. बाकी रंग, गादी, छत, चाकं गेली खड्ड्यात.

तुला वाटेल काकांना रंगरूपाचं वावडं आहे. तसं नाही. पत्र्याचं काम हाच माझा जीव आहे. माझे वडील दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात होते, बसच्या बॉड्या बांधायचे. डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) हातोडी पडल्याचा आवाज मी पाळण्यात ऐकलाय. इथे मला ज्याने शिकवलं तो विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा. त्याने मला पत्र्याच्या खाचखळग्यांत शिसं भरायला शिकवलं, पण कधी? माझी गाडी एक उन्हाळा नुसत्या प्रायमरमध्ये फिरली त्यानंतर. तोवर मी भुणभुण लावायचो आणि तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

तेव्हा मला तो तिरसट वाटला होता. कारण नंतर कळलं. गाडी खड्ड्यातून, वळणावरून जाते तेव्हा बॉडी पिळते. कुठे पिळते ते गाडीगणिक वेगळं. मॉडेल एच्या छताच्या सांगाड्यात लाकूड आहे, ते एका गाडीत ठणठणीत असतं, दुसरीत भुसा झालेलं असतं. न चालवता तू झकास फिलर लावलास, घासून आरसा केलास, तर पहिल्याच महिन्यात दाराच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसेल. चालवलेल्या गाडीत ती जागा आधीच कळते, मग तिथे आधी आतून आधार द्यायचा आणि नंतर वरून भरायचं. म्हणून म्हणतो, आधी चालव.

शिसं भरणं तुला व्हिडिओत सोपं दिसलं असेल. पत्रा पांढरा होईस्तोवर घासायचा, फ्लक्स लावायचं आणि आधी कल्हई करायची, आपल्याकडे पातेल्याला करायचे तशीच, कापसाच्या बोळ्याने गरम गरम पुसत. मग तीस टक्के कथील आणि सत्तर टक्के शिशाची कांडी. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते आणि २५५च्या आसपास पाणी होते. त्या दोन आकड्यांच्या मधे जी काही अवस्था आहे, तिच्यातच काम. एका हातात ज्योत, दुसऱ्यात चरबी लावलेली लाकडी पट्टी. ज्योत आत, बाहेर, आत, बाहेर. उभ्या दारावर क्षणभर जास्त थांबलास की चकाकी येते, आणि चकाकी आली की सगळं घसरून बुटावर. म्हातारा माझ्या मागे उभा राहायचा आणि चकाकी यायच्या आधीच माझं मनगट मागे ओढायचा. त्याला ती कुठे दिसायची, ते मला कितीतरी दिवस कळलं नाही. आता मला दिसते. तुझं मनगट मी ओढीन, ते व्हिडिओ ओढणार नाही. आणि शिसं कानशीनेच उतरवायचं, सँडर लावायचा नाही, ती धूळ विष आहे.

म्हाताऱ्याची स्वतःची गाडी १९३२ची रोडस्टर. जन्मभर करड्या प्रायमरमध्ये. तिने तो किराणा आणायचा आणि तिनेच एल मिराजला जायचा. तो गेल्यावर घरच्यांनी ती विकायला काढली. माझ्याकडे तेव्हा तेवढे पैसे नव्हते, मुलीची फी होती. ज्याने घेतली त्याने तिला काळा रंग दिला, इतका खोल की त्यात हात बुडेल असं वाटावं, आणि टाकी-रेडिएटर रिकामे करून काचेमागे ठेवली. मी बघून आलो. काम उत्तम आहे, खोट काढायला जागा नाही. मी तिथे पाच मिनिटंही थांबू शकलो नाही. पैसे असते तर ती आज रस्त्यावर असती, आणि माझ्या हातून एकदा-दोनदा ठोकलीही गेली असती. चाललं असतं.

तुझ्या आधी एक पोरगा यायचा माझ्याकडे, हुशार, तुझ्यापेक्षा हात चांगला. त्याला पहिल्या दिवसापासून छत कापायचं होतं. मी नाही म्हटलं. चारचौघांत म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. तो यायचा बंद झाला. बायको अजून ऐकवते, की तुमच्या अशा बोलण्यानेच ही विद्या तुमच्याबरोबर जाणार. असेल. पण त्याची गाडी छत कापलेल्या अवस्थेत, खिडक्यांच्या काचा न बसलेल्या, ताडपत्रीखाली आहे असं ऐकतो. कापलं की खांब जुळवायचे, काचा नव्याने कापून घ्यायच्या, दारं परत बसवायची. त्यात वर्षं जातात, आणि इंजिन ज्याने कधी ऐकलेलंच नाही त्याचा दम त्यात संपतो. मी तेव्हा बरोबर होतो. आवाज थोडा खाली ठेवता आला असता, एवढंच.

कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजबद्दल विचारलं आहेस. तिथे जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीत चार वर्षांची पदवी मिळते, खरं आहे, आणि मुलं चांगली तयार होतात. इथल्या हायस्कुलांतले ऑटो शॉपचे वर्ग एकामागून एक बंद होत असताना असं कॉलेज आहे याचं मला समाधानच आहे. नोकरी सोडून जायचं का, ते तुझ्या आई-बाबांशी बोल, त्यात मला ओढू नकोस, तुझा बाप माझा मित्र आहे. पण गेलास तर चाललेली गाडी मागे ठेवून जा. एकदा तिचा आवाज ऐकलास की तिथे काय शिकायचं आहे ते तुला नेमकं कळेल. नाहीतर तिथेही एक्सेल शीटच भरशील.

शनिवारी ये. प्लग काढून आण, ते बघूनच अर्धं कळेल, कुठला काळा आहे, कुठला गंजलाय. इंजिन उचलायला माझा हॉइस्ट ने, पण त्याची साखळी ओली ठेवलीस तर परत मिळणार नाही. ब्रेकची ड्रम माझ्याकडे एक जोडी पडून आहेत, १९४०च्या फोर्डची, मोजून बघू, जास्त झिजली नसतील तर तुझी. पैसे देऊ नकोस. चाकांचा कॅटलॉग आणलास तर मात्र दारातूनच परत पाठवीन.

तुझा,
काका