फायर स्टेशनमध्ये कपात होतेय, कौन्सिल इलेक्शनला मत देऊन काही फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातलं फायर स्टेशन रात्रीचं बंद करायचं घाटतंय, मे महिन्यात कौन्सिलची (म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेची) निवडणूक आहे, विचारणारे भारतीय पासपोर्टवर तिथे राहतात, तर त्यांना मत देता येतं का आणि दिलं तर काही होतं का.

देता येतं. मला हे कळायलाच इथे येऊन चार वर्षं लागली, तोवर मी आपली "आपलं काय, आपण परके" म्हणत गप्प बसले होते. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे तुमच्याकडे इथे राहायचा वैध व्हिसा असेल आणि वय १८ पूर्ण असेल तर इंग्लंडमधल्या कौन्सिल निवडणुकीत मत देता येतं, त्यासाठी ब्रिटिश नागरिक व्हायची गरज नाही. फक्त मतदार यादीत नाव हवं, ते ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत होतं, पण मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी झालं पाहिजे, शेवटच्या आठवड्यात जाग आली तर उपयोग नाही. (आणि तुमच्या भागात निवडणूक नक्की आहे ना तेवढं बघून घ्या, कौन्सिलांची फेररचना चालू आहे म्हणून २०२५ मध्ये काही काउंटींच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडणुका पुढे ढकलल्या होत्या.)

आता दुसरा अर्धा प्रश्न. फरक पडतो, पण बंब ज्याच्या हातात आहे त्याच्याच निवडणुकीत मत पडलं तर. इथेच मी तोंडावर आपटले. आमच्याकडचा दुसरा बंब काढायची बातमी आली तेव्हा दारात पत्रकं वाटायला एक उमेदवार आले होते, त्यांना मी चांगली पंधरा मिनिटं उभं करून फायर स्टेशनवरून सुनावलं, बिचाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, बाई, मी डिस्ट्रिक्ट कौन्सिलला उभा आहे, आमच्याकडे कचरा आणि बांधकामाच्या परवानग्या, बंब आमच्याकडे नाही. मी कसंनुसं हसले आणि दार लावलं.

आपल्याकडे कसं, बंब महापालिकेचा नाहीतर नगरपालिकेचा, नगरसेवकाला धरलं की झालं. इथे तसं सरळ नाही. नॉरफोक, सरे, हर्टफर्डशायर अशा काही ठिकाणी काउंटी कौन्सिल स्वतःच फायर सर्व्हिस चालवते. केंट, लँकाशायर, डेव्हन आणि सॉमरसेट अशा ठिकाणी वेगळी फायर ऑथॉरिटी असते, तिथे थेट निवडून कोणी येत नाही, काउंटी नाहीतर युनिटरी (म्हणजे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्हींची कामं एकटंच करणाऱ्या) कौन्सिलचे निवडून आलेले लोकच तिथे नेमून पाठवले जातात. एसेक्स, स्टॅफर्डशायर वगैरे मोजक्या ठिकाणी पोलीस आणि फायर एकाच कमिशनरकडे आहे. लंडनमध्ये सूत्रं मेयरच्या हातात, आणि स्कॉटलंडमध्ये २०१३ पासून अख्ख्या देशाची एकच फायर सर्व्हिस आहे.

ओळखायची सोपी खूण सांगते. काउंटी असलेल्या भागात राहत असाल तर कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारख्या कराचं) बिल काढा. त्यात फायरची वेगळी ओळ असेल तर वेगळी ऑथॉरिटी किंवा कमिशनर आहे, नसेल तर बहुतेक बंब काउंटीच चालवते, ते पैसे तिच्याच आकड्यात असतात. मी हे बिल दरवर्षी न वाचता ड्रॉवरमध्ये टाकत होते.

चुकीच्या ठिकाणी जोर लावला तर काय होतं ते लंडनमध्ये दिसलं. २०१३ मध्ये तिथल्या त्या वेळच्या फायर ऑथॉरिटीने स्टेशनं बंद करायला नकार दिला होता, पण मेयर बोरिस जॉन्सन यांनी आपला अधिकार वापरून निर्णय त्यांच्यावर लादला, काही बरो कौन्सिलं (लंडनच्या वेगवेगळ्या भागांची कौन्सिलं) कोर्टात गेली, हरली, आणि ९ जानेवारी २०१४ ला एका दिवसात दहा स्टेशनं बंद झाली, त्यात १८७२ पासूनचं क्लर्कनवेलसुद्धा गेलं. म्हणजे तिथे बरो कौन्सिलरला कितीही मतं दिली असती तरी हे थांबलं नसतं, शेवटचा शब्द मेयरचा होता.

उलट डेव्हन आणि सॉमरसेटचं बघा. २०१९ मध्ये आठ स्टेशनं बंद करायचा प्रस्ताव होता. गावागावांतून लोक सभांना गेले, कौन्सिलरांच्या मागे लागले, आणि जानेवारी २०२० मध्ये ऑथॉरिटीने मतदान केलं तेव्हा बडली सॉल्टर्टनचं एक बंद झालं, टॉप्शमचं दुसरीकडे हलवलं, बाकीची वाचली. त्या मतदानात हात वर करणारे सगळे कुठल्या ना कुठल्या वॉर्डातून निवडून आलेले होते आणि त्यांना पुन्हा त्याच लोकांसमोर जायचं होतं.

पूर्वी कपात करणं एवढं सोपं नव्हतं बरं का. १९४७ च्या कायद्यात कलमच होतं की स्टेशन, बंब, माणसं कमी करायची तर मंत्र्याची परवानगी लागेल. २००३-०४ च्या सुमारास ते गेलं, बंब किती मिनिटांत पोचला पाहिजे याचं देशभराचं मापही गेलं, आता प्रत्येक ऑथॉरिटी आपलं टार्गेट आपणच ठरवते. वर २०१० नंतर सरकारी अनुदान आटत गेलं आणि कौन्सिल टॅक्स मनासारखा वाढवायचीही सोय नाही, ठरलेल्या मर्यादेच्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं. त्यामुळे तुमचा कौन्सिलर "पैसेच नाहीत" म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण आहेत त्या पैशांत कुठलं स्टेशन मारायचं हे तोच ठरवतो, तेवढं त्याला विचारायचं.

विचारायचं म्हणजे काय, तर आमच्याकडे चर्चच्या हॉलमध्ये कन्सल्टेशनची (लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची) मीटिंग होती, मी गेले. भिंतीवर मोठा तक्ता, रंगीत नकाशा, आणि अधिकारी सांगत होते की बदलानंतरही बंब पोचायच्या वेळेची काउंटीची सरासरी जवळपास तेवढीच राहते. राहणारच ना, काउंटीभरातल्या शहरांच्या सगळ्या कॉलमध्ये आमच्या गावाचे वर्षातले चार कॉल मिसळले की सरासरीला काय ढिम्म फरक पडतो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, हे सगळं पहिल्या बंबाचं झालं, दुसरा किती वेळात येतो ते दाखवा. हॉल एकदम शांत. कारण छोट्या स्टेशनच्या बंबात बहुतेक वेळा चारच माणसं येतात, एक पंपाशी, एक हुकूम द्यायला, मग श्वासाची उपकरणं लावून धुरात शिरायला उरतात दोघं, आणि ते अडकले तर त्यांना काढायला मागे कोणी नसतं. तक्त्यात तो रकानाच नव्हता. आठवड्याभराने त्यांनी तो वेबसाइटवर टाकला, आणि त्यानंतर बैठकीतली भाषा बदलली.

आणि "रात्री बंद" म्हणतात त्याचा अर्थही नीट विचारून घ्या. पुष्कळदा स्टेशन बंद नसतं, रात्री पगारी माणसं काढून ऑन-कॉल, म्हणजे बोलावलं की घरून-कामावरून येणाऱ्या, लोकांवर सोडतात. आमचे शेजारी प्लंबर आहेत आणि ऑन-कॉल फायरमन आहेत, त्यांची व्हॅन कायम तोंड रस्त्याकडे करून उभी असते, पेजर वाजला की पाच मिनिटांत स्टेशनवर पोचायचं, एकदा माझ्या सिंकखालचा पाइप अर्धा सोडून धावले, दोन तासांनी काजळी लावलेलं तोंड घेऊन परत आले आणि "हां, कुठे होतो आपण" म्हणून पुन्हा खाली वाकले. अशी माणसं सोन्यासारखी, पण मिळत नाहीत, लोक कामाला दूर जातात, आणि चार जण भरले नाहीत तर बंब जागचा हलत नाही, याला ते लोक "ऑफ द रन" म्हणतात. गेल्या वर्षी आपला बंब किती तास ऑफ द रन होता, हा एक आकडा उमेदवाराला विचारा. मी विचारला तेव्हा तिघांतल्या एकीलाच तो शब्द माहीत होता. मत तिलाच दिलं. पक्ष मला फारसा आवडत नाही, पण कपात सगळ्याच पक्षांनी केलीय, त्यामुळे रंग बघण्यापेक्षा जुन्या बैठकांची मिनिट्स (इतिवृत्तं) बघा, कोणी कुठे हात वर केला ते त्यात सापडतं.

एका मताने काय होतं म्हणत असाल तर नॉर्थम्बरलँडची गोष्ट ऐका. मे २०१७, साउथ ब्लाइथ वॉर्ड, दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं, शेवटी काड्या ओढून निकाल लावला. हरला त्या पक्षाला ६७ पैकी ३३ जागा मिळाल्या, बहुमत एका काडीने हुकलं. आणि नॉर्थम्बरलँडमध्ये फायर सर्व्हिस काउंटीच चालवते. अशा निवडणुकांना बऱ्याच ठिकाणी तीनातला एकच जण मत द्यायला जातो, त्यामुळे तुमच्या गल्लीतले दहा घरचे लोक निघाले तरी ते आकड्यात दिसतं.

आमचं काय झालं विचाराल तर अर्धंमुर्धं. दुसरा बंब गेला, रात्रीचं स्टेशन राहिलं.

मतदानाला जाताना फोटो आयडी लागतो, २०२३ पासून सक्तीचा आहे. इंडियन पासपोर्ट चालतो, इंडियन लायसन्स चालत नाही. मी गेले तेव्हा टेबलावरच्या बाईंनी पासपोर्ट उलटासुलटा करून बघितला, शेजारच्या यादीवर बोट फिरवलं, आणि "कॉमनवेल्थ, चालतंय" म्हणून कागद हातात दिला. आत दोरीला बांधलेली पेन्सिल असते, त्याने फुली मारायची. बोटाला शाई मात्र लावत नाहीत, घरी व्हॉट्सॲपवर फोटो काय टाकायचा तोच प्रश्न पडला.