सोबत हवी, पण उंबरा ओलांडवत नाही

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, माझं वय 29. सासर गंगावेशीत. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपुरीत भाजी घेताना अचानक छातीत धडधडायला लागलं, हातापायांना मुंग्या आल्या, वाटलं आता संपलं. ईसीजी, थायरॉईड, सगळं नॉर्मल निघालं. पण त्यानंतर आधी बाजार सुटला, मग केएमटीची बस, मग अंबाबाईची रांग. आता गल्लीच्या तोंडाच्या डेअरीपुढं मी जात नाही. तिथंही नणंद सोबत लागते. डॉक्टरांनी अ‍ॅगोराफोबिया सांगितला, म्हणजे गर्दीत, मोकळ्या जागेत किंवा एकटीनं घराबाहेर जायची भीती. गोळ्या सुरू आहेत, समुपदेशक बाई फोनवर बोलतात. त्या म्हणतात, असाच त्रास असलेल्या कुणाशी तरी बोलत जा. पण अशी माणसं माझ्यासारखीच घरात बसलेली असणार ना? शोधायची कुठं? शिवाय पेठेत कळलं तर? सासूबाई आत्ताच म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

मी शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर अ‍ॅमेझॉनचं खोरं काढायची, आणि शाळा सुटली की बिंदू चौक एकटीनं ओलांडायला पाय उचलायचा नाही. माझ्या वाटेनं जाणारी कुणीतरी निघेपर्यंत स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायची. हेडमास्तर माझ्या वह्यांवर फार खूश असायचे.

सासूबाईंच्या वेळीही ही थेरं होती गं. त्यांच्या पणजीच्या वेळीही होती. 1871 मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल नावाच्या डॉक्टरांनी या त्रासाला नाव दिलं. मोकळा चौक ओलांडताना घाम फुटणारे त्यांचे रुग्ण चांगले धडधाकट पुरुष होते. आणि त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलंय की शेजारून कुणी चालत असलं, किंवा हातात नुसती काठी असली, तरी या लोकांना धीर यायचा. ही काठी लक्षात ठेव, पुढं लागेल.

आता माणसं कुठं शोधायची. कोल्हापुरात कट्ट्यांना तोटा नाही. तुझ्या गंगावेशीत तर म्हशीच्या धारोष्ण दुधाचाही कट्टा आहे. पण ज्याला कट्ट्यापर्यंत जाता येत नाही, त्याचा कट्टा कुठला? ही अडचण जुनीच आहे. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये घराबाहेर न पडू शकणाऱ्या बायकांनी ‘द ओपन डोअर’ नावाचं मंडळ चालवलं होतं, तेही मुख्यतः पत्रांवर. बैठकीला या म्हटलं असतं तर कोण आलं असतं? तुझ्या हातात तर फोन आहे.

समुपदेशक बाईंना सांग, माझं पहिलं नाव आणि नंबर तुमच्याकडे ठेवा. अशीच कुणी बाई बोलायला तयार असेल तर तिला द्या. दुसऱ्या रुग्णाचं नाव त्या तुला परस्पर देणार नाहीत, देऊही नये. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. पण स्वतःचा नंबर ठेवायला तुला कुणाची आडकाठी नाही. हीच विचारणा घरच्या कुणाला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात करायला सांग. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तिथं मैत्रीण मिळणार नाही, पण जवळपास काय सोय आहे ते विचारता येईल.

मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या मी फारशी बाजूची नाही. नंबर सगळ्यांना दिसतो, आणि रात्री बाराला एकीनं ‘मला काहीतरी होतंय’ लिहिलं की आणखी दहाजणींची झोप जाते. तुझ्यासारखीला दोघीच बऱ्या. आडनाव, पेठ, नवऱ्याचं दुकान यातलं काही सुरुवातीला सांगायचं नाही. समोरची ‘गोळ्या बंद कर’ म्हणाली किंवा ताईत नाहीतर तेल विकायला लागली, तर फोन ठेव.

माझी सोबतीण शाहूपुरीची. डॉक्टरांमार्फतच मिळाली. तेव्हा लँडलाइन होती. दुपारी घरात सामसूम झाली की बोलायचो. सुरुवातीला काय बोललो असू? मला कसं होतं, तुला कसं होतं. फार बरं वाटायचं. मी काही वेडी नाही, हे पहिल्यांदा डॉक्टरांकडून ऐकलं होतं, पण पटलं ते तिच्याकडून. तिलाही रांगेत उभं राहिलं की आधी बाहेर पडायची वाट शोधावी लागायची, तिलाही न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या मुलाजवळ थांबणं नको व्हायचं. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं.

पण नुसतं बरं वाटण्यात एक खोट आहे. दोघी मिळून घरात बसण्याची चटक लागते. ‘आज नको जाऊस, उद्या बघू’ हे नणंद म्हणाली तर राग येतो, सोबतीण म्हणाली तर गोड लागतं. म्हणून आम्ही ठरवलं की फोनवर पहिल्यांदा काय केलं ते सांगायचं, काय झालं ते नंतर. ‘कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले, डबा ठेवला, आले.’ एवढंही चालतं. ‘आज दारातच उभी राहिले’ हेही चालतं, पण खरं सांगायचं.

आणि घाबरं झालं की तिथूनच फोन करून ‘ये मला न्यायला’ म्हणायचं नाही. धडधड चढते, काही मिनिटांत शिगेला पोचते आणि आपसूक उतरते. ती चढलेली असताना पळून आलीस की मन धरून बसतं, पळाले म्हणून वाचले. थांबलीस की त्याला उतार बघायला मिळतो. त्यामुळे चांगली सोबतीण ‘पाणी पी, घरी जा’ म्हणत नाही. ‘थोडं थांब, उतरू दे’ म्हणते. तुझी पहिली पायरी कुठली, हे मात्र समुपदेशक बाईंबरोबर ठरव. सोबतीण डॉक्टर नव्हे. जीव नकोसा वाटायला लागला, तर ते ओझं तिच्यावर टाकू नकोस. घरात सांग, डॉक्टरांना सांग, 14416 लाव.

पुढं आम्ही दोघींनी दसरा चौकात भेटायचं ठरवलं, आपापल्या बाजूनं एकटीनं चालत येऊन. पहिल्या खेपेला दोघीही आलो नाही. दोघींनी एकमेकींना घरूनच फोन लावला, तो दोघींनाही एंगेज लागला. नंतर शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी खरंच भेटलो तेव्हा दोघींना बोलायला काही सुचेना, इतकं वर्षभर बोलून झालेलं.

इथं ती काठी. सोबतीण शेजारी असली की मी मिरजकर तिकटीपर्यंत मजेत जायची, नसली की पुन्हा उंबऱ्यात. तू नणंदेबरोबर डेअरीपर्यंत जातेस, तेही तसंच. सोबत सुरुवातीला हवीच, पण ती पातळ करत न्यायची. नणंदेला सांग, आज दहा पावलं मागं राहा. मग ती डेअरीत आधीच जाऊन थांबेल. मग ती घरी आणि तू एकटी. डेअरी सोपी झाली की पापाची तिकटी, मग रंकाळा स्टँड, सकाळी दुकानं उघडायच्या सुमाराला. तुला गर्दीचं भय असेल तर ही वेळ सोपी. मोकळ्या जागेचं असेल तर उलट, रिकामा रस्ताच अवघड. ते तुझं तुला माहीत. सोबतिणीबरोबरही असंच, आज ती फोनवर बरोबर आहे, पुढच्या वेळी फक्त पोचल्यावर मेसेज.

सासूबाईंना पटवायच्या भानगडीत सध्या पडू नकोस. तुला तेवढी ताकद दुसरीकडं लागणार आहे.

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा. याच त्रासानं कॉलेज सुटलं. तासन्‌तास फोनवर कुणाशी बोलतो, म्हणतो ‘तो पण माझ्यासारखाच आहे’. हे चालू द्यावं का? त्याचे वडील म्हणतात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत नेऊन सोडतो, आपोआप भीती मोडेल.
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : बोलू द्या. काय बोलता, हे विचारू नका. त्या मुलाशी बोलून झाल्यावर हा दारापर्यंत तरी जातो का, एवढंच महिनाभर बघा. जात नसेल तर ‘दोघांनी मिळून रोज एक काम ठरवा’ असं सुचवा, आणि अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आधी ते करा.

यात्रेचं मात्र डोक्यातून काढा. लाखोंच्या गर्दीत, खोबरं-गुलालाच्या उधळणीत त्याला सोडलंत तर तो पुढं तुमच्याबरोबर अंगणातही येणार नाही. वडिलांना मदत करायचीच असेल तर संध्याकाळी चपला घालून ‘येतोस का?’ एवढंच विचारावं. नाही म्हणाला तर न चिडता एकट्यानं चक्कर मारून यावं, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारावं. जोतिबाला तो स्वतः म्हणेल तेव्हा जा, तेही रविवार सोडून.