डिझेल व्हॅनला पेट्रोल इंजिन: पंचवीस हजारांचा पंप की सहा लाखांचं कर्ज?

खानापूर तालुक्यातल्या एका भाजी वाहतूकदाराचं पत्र थोडक्यात असं: 'बेळगाव मार्केटला आणि चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेतो, महिन्याला २,००० किलोमीटर. व्हॅन बारा वर्षांची, डिझेल. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या बंद होणार असं ऐकून दिवाळीत जुन्या बाजारातलं पेट्रोल इंजिन बसवलं, ७०,००० गेले. आता अर्ध्या तासानं इंजिन गुदमरून बंद पडतं, थंड झालं की चालू होतं. मेस्त्री इंधनाचा पंप आणि इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) यांचे २५,००० सांगतो. सोनं तारण ठेवून ते करू, की ६ लाखांचं कर्ज काढून नवी घेऊ? आरसीवर पेट्रोलची नोंद पासिंगच्या वेळी एजंट ८,००० मध्ये करून देणार आहे. बचतीच्या विमा पॉलिसीचा वर्षाचा ३०,००० चा हप्ता (बारा वर्षं भरायचा, दोन भरले) आणि घरखर्च जाऊन महिना ४,००० उरतात. जुनं डिझेल इंजिन चालू होतं, गॅरेजमध्येच पडून आहे.'

पंपाचं नंतर बघू. एजंटाचं ते वाक्य वाचून मी थांबलो. म्हणजे दिवाळीपासून तुम्ही घाटातून जी गाडी चालवताय तिचं इंजिन वेगळं, इंधन वेगळं, आणि आरसी व विमा दोन्हीवर जुनीच नोंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. इंधन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट लागतं. भंगारातलं दुसऱ्या इंधनाचं इंजिन त्यात बसत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ५,००० भरून सुटाल, पण अपघात झाला तर? तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी याच कारणावरून फेटाळू शकते. समोरच्या जखमीची भरपाई कोर्टानं कंपनीला द्यायला लावली, तरी ती रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करायची मुभा मिळू शकते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते. तुमच्याकडे द्यायला घर आणि शेत आहे. तेव्हा आजपासून ही गाडी रस्त्यावर काढू नका. भाड्याची गाडी घ्या, थोडे दिवस कमाई कमी होऊ द्या.

एजंटाला एक रुपया देऊ नका. इंजिन नंबर जुळत नसेल तर पासिंग कसं होणार, हे आरटीओत स्वतः जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा.

दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठीचा. हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सुप्रीम कोर्टानं तो २०१८ मध्ये उचलून धरला. बेळगावला तो लागू नाही. तुमच्या मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र (पासिंग) लागतं, एवढंच. ही माहिती फुकट मिळाली असती. तिच्या अभावी काय झालं बघा: डिझेल लिटरला ९० रुपये धरा, १५ चा ॲव्हरेज, म्हणजे किलोमीटरला ६ रुपये. पेट्रोल १०३ धरा, भरलेल्या गाडीला घाटात ११ चा ॲव्हरेज, म्हणजे जवळजवळ साडेनऊ. फरक जवळजवळ साडेतीन रुपये, महिन्याला सुमारे ७,०००. सत्तर हजार खर्चून तुम्ही वर्षाला ऐंशी हजारांचा तोटा घेतलात.

आता पंप. २५,००० देण्याआधी एक चाचणी करा. उघड्या जागेत, सायलेन्सरपासून लांब, विझवण्याचं साधन हाताशी ठेवून, स्वच्छ कॅनमधून आखूड नळीनं त्याच पंपाला पेट्रोल द्या आणि इंजिन गरम होईपर्यंत अर्धा तास चालवा. नीट चाललं तर पंप आणि इंजेक्टर बहुधा ठीक आहेत, दोष टाकी-पाइपात आहे. माझा अंदाज तोच. डिझेल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो, पेट्रोल तो सोडवतं आणि फिल्टर तुंबतो. त्यातून आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात. शिवाय पंप इंजिनाजवळ लावला असेल तर लांबून ओढताना गरम पेट्रोलची वाफ होते. तो टाकीत किंवा टाकीला लागून खाली हवा. झाकण उघडताना फुस्स आवाज येत असेल तर टाकीत हवा जायची वाट बंद आहे. इंजेक्शनचं इंजिन असेल तर इंजेक्टरपाशी ३ बारच्या आसपास दाब लागतो, गेज लावून मोजता येतो.

हे सगळं कशासाठी? नीट चालणारं पेट्रोल इंजिन विकून थोडे पैसे परत येतील. बिघडलेलं भंगाराच्या भावानं जाईल.

मग जुनं डिझेल इंजिन परत बसवा. पंप-नोझल दुरुस्तीसह ४०,००० धरा. सोनं तारण त्यासाठी ठेवा. इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघा.

सहा लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी म्हणजे हप्ता १३,०००. उरतात ४,०००. 'नवी गाडी स्वतःचा हप्ता स्वतः काढते' हे विकणारा म्हणतो, भाजीचा भाव नाही. पॉलिसीचंही तेच. १२ वर्षं ३०,००० भरून पंधराव्या वर्षी ५ लाख, म्हणजे साडेतीन टक्के. गाडी बदलायला दोन वर्षांत पैसे हवेत त्याला पंधरा वर्षांची पॉलिसी विकली, हे चूक आहे. दोनच हप्ते गेलेत. बंद केली तर किती आणि पेड-अप ठेवली (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू) तर किती, कंपनीकडून लेखी घ्या आणि तिसरा हप्ता भरू नका.

४,००० अधिक डिझेलचे ७,००० अधिक पॉलिसीचे २,५००: महिना १३,५००. तीन महिन्यांत सोनं सुटेल, पुढच्या सव्वा वर्षात दोन लाख जमतील. तेव्हा कर्ज चार लाखांचंच लागेल, हप्ता ८,७००, तो झेपेल.

डिझेल भरण्याआधी टाकी, पाइप आणि फिल्टर पूर्ण रिकामे करून धुवायला सांगा. डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, थोडं पेट्रोल मिसळलं तरी तो झिजतो. टाकीला वेल्डिंग मात्र कुणालाही करू देऊ नका.