तर्री तरंगते म्हणून तर्री नव्हे

चोपड्याहून एका ताईंनी विचारलं आहे: ‘घरी चिकन करते तेव्हा सासूबाई म्हणतात, तर्री काढून ठेव. व्हिडिओंमध्ये मात्र सगळ्या रश्श्यालाच तर्री म्हणतात. बरोबर काय? आणि हा शब्द तरंगण्यावरून आला, हे खरं का?’

सासूबाई बरोबर आहेत. तर्री म्हणजे रश्श्यावर आलेला तेलाचा लाल, किंवा आपल्याकडचा काळा मसाला असेल तर काळपट तांबूस थर. त्याखाली असतो तो रस्सा. परवा एका पाककृतीत मी वाचलं, ‘तर्री पातळ झाल्यास कॉर्नफ्लोअर लावावे.’ तेलाच्या थराला कॉर्नफ्लोअर? दुसरीकडे ‘दोन वाट्या पाणी घालून तर्री वाढवा.’ पाण्याने रस्सा वाढतो, तर्री वाढत नाही. हे रोज कानावर पडतं आणि रोज डोकं उठतं.

नागपूरकर तर्री-पोह्यांचा दाखला देतील. तिथे हरभऱ्याच्या झणझणीत पातळ रश्श्याला तर्री म्हणतात, ते त्यांच्या बोलीत रुळलंय, त्यांना लखलाभ. जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरात हा अर्थ आणू नये, एवढंच.

आता तरंगण्याचं. मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या एका गृहस्थांनी भर व्याख्यानात सांगितलं की ‘तरते ती तरी’, आणि सभागृहाने माना डोलावल्या. ऐकायला गोड आहे, पण साफ चूक आहे. तरंगते म्हणून तर्री म्हणायची, तर दुधावरच्या सायीने काय घोडं मारलंय? ती तरंगत नाही? शिवाय हिंदीत ‘तरी’ म्हणजे अख्खा रस्सा, शोरबा. तिथे वर काही तरंगायची अटच नाही. मग तो शब्द तरंगण्यातून निघेल कसा?

शब्द फारसी आहे. ‘तर’ म्हणजे ओलं, भिजलेलं. ‘तरी’ म्हणजे ओलेपणा. हा ‘तर’ आपल्या तोंडात रोज असतो. घामाने तरबतर होतो तो, तरोताजा होतो तो, आणि दारूत पार भिजून निघालेला ‘तर्र’ होतो तोही. ‘तर्र’मध्ये र ला जोर आला, तसाच ‘तर्री’त आला. आपल्या लोकांना जेवणातल्या शब्दाला असा ठोसा द्यायला आवडतो. आंब्याचा तो रस, कोंबडीचा तो रस्सा. त्यात ‘असं असलं तरी’ मधला ‘तरी’ आधीच जागा अडवून बसलेला, म्हणूनही खाण्याच्या तरीने र दुहेरी केला असावा.

पण खरी गंमत पुढे आहे. शाळेच्या इतिहासात ‘खुष्कीचा मार्ग’ वाचला होता, आठवतो? १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं आणि युरोपचा खुष्कीचा व्यापार अडला, तो धडा. खुष्की म्हणजे कोरडी जमीन. फारसीत जमीन आणि पाणी म्हणायला जोडीच आहे: खुश्की व तरी. म्हणजे आपल्या वाटीतली तर्री ही त्या खुष्कीच्या मार्गाची जोडीदारीण! आणि ‘खुश्क’ कोण? तो आपल्या ‘शुष्क’चाच इराणी भाऊ. संस्कृतात जिथे स, तिथे इराणीत ह, सप्त-हफ्त, सिंधु-हिंदू या जोड्या सगळ्यांना ठाऊक आहेत. तसंच मूळ सुष्कचं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, हुष्क झालं, पुढे फारसीत खुश्क. संस्कृतात तोच शुष्क, आणि त्याचं मराठीत सुकं. आता ताट बघा. एका बाजूला सुकं चिकन, दुसऱ्या बाजूला तर्रीदार रस्सा. खुश्की आणि तरी, ती जोडी जशीच्या तशी शेजारी वाढलेली. मला हे सुचलं त्या रात्री मी जेवताना दोन्ही वाट्या नुसत्या बघत बसलो होतो.

शब्द आपल्याकडे कुठल्या वाटेने आला, याबद्दल माझं मत ठाम आहे: बुऱ्हाणपूरच्या, म्हणजे फारुकी सुलतानांच्या राजधानीच्या. या फारुकींनी १३८२ पासून, थाळनेरपासून सुरुवात करून, खानदेशावर राज्य केलं. १६०१ मध्ये अकबराने त्यांचा असीरगड किल्ला घेतला तेव्हा ते संपलं. जवळजवळ सव्वादोनशे वर्षं दरबार, मुदपाकखाना आणि छावणी फारसी शब्दांत वावरत होती. पुढे मोगलांच्या फौजाही याच वाटेने दख्खनेत उतरल्या. हे मी म्हटलं की पुण्याकडची मंडळी ‘पुरावा काय’ विचारतात. तरंगण्याच्या गोष्टीला त्यांनी कधी पुरावा मागितला होता? हं, एक मात्र खरं. फारुकींच्या सुरुवातीच्या काळातली तरी लाल नव्हती. मिरची पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेहून आली ती सोळाव्या शतकात. म्हणून मला वाटतं, ‘ओलेपणा’चा ‘वरचा लाल थर’ झाला तो मिरची आल्यावरच. ‘शिक्षा’ हिंदीत शिकवण आणि मराठीत दंड, तसंच हिंदीत तरी म्हणजे रस्सा आणि आपल्याकडे त्याचा फक्त माथा. मूळ दाखवून कुणी आपला अर्थ खोडू नये.

मिरचीचा लाल रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. त्यामुळे तर्री वरून ओतायची वस्तू नाही, ती कढईत कमवावी लागते. माझी माय कांदा निखाऱ्यात साल काळं पडेपर्यंत भाजायची, खोबऱ्याची वाटी सरळ जाळावर धरायची, आणि धने, मिरची, दगडफूल घालून पाट्यावर वाटायची. ते वाटण शेंगदाण्याच्या तेलात पडलं की आधी नुसतं फदफदतं, कारण त्यातलं पाणी उडत असतं. पाणी संपलं की आवाज बदलतो, बारीक चुरचुर सुरू होते आणि कढईच्या कडेने तेल सुटतं. त्याआधी कोंबडी टाकायची नाही. मग तुकडे परतायचे आणि पाणी घालायचं ते उकळतं. गार पाणी घातलं की माय हातातली पळीच काढून घ्यायची. शिजल्यावर जाळ बंद करून दहा मिनिटं झाकण ठेवायचं, खळबळ थांबली की तेल वर गोळा होतं. आतून तिची हाक यायची, ‘तरी ऊनी का वर?’ म्हणजे तर्री आली का वर? रस्सा आला का, असं तिने कधीच विचारलं नाही. तो तर पाणी ओतलं तेव्हाच आला होता.

तर ताई, सासूबाईंनी तर्री काढून ठेव म्हटलं की पळी आडवी धरून फक्त वरचं वर उचला, खालचा रस्सा ढवळू नका. ती वाटी व्याही-पाहुण्यांसाठी असते. पोरांना खालचं वाढा, त्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी कुस्करून.