विकरप्रक्रिया केलेले रताळ्याचे पीठ

प्रश्न : मला मधुमेह आहे. उपवासासाठी रताळ्याचे ‘एन्झाइम-प्रक्रिया’ केलेले पीठ घ्यावे काय? त्याने साखर कमी वाढते हे खरे आहे काय? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, उत्तर कोणते एन्झाइम, म्हणजे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन), वापरले आहे यावर अवलंबून आहे. अमायलेज हे विकर पिष्टमयाच्या (स्टार्चच्या) लांब साखळ्या तोडून माल्टोजसारख्या शर्करा बनवते. असे पीठ गोड आणि पातळ होते, पण मधुमेहींसाठी ते सोयीचे नाही. याउलट पुल्युलानेज हे विकर अमायलोपेक्टिनच्या, म्हणजे पिष्टमयातील फांद्या असलेल्या रेणूच्या, फांद्या जिथून फुटतात तेच बंध कापते, आणि सुट्या झालेल्या सरळ साखळ्या पीठ गार होताना एकमेकींना घट्ट चिकटून असे स्फटिक बनवतात, की लहान आतड्यातील पाचकरसांना ते सहज फोडता येत नाहीत. यालाच प्रतिरोधी पिष्टमय म्हणतात, आणि ते सहज पचत नसल्याने साखर कमी वाढते. म्हणून पाकिटावर केवळ ‘एन्झाइम’ हा शब्द पाहून विश्वास ठेवू नका. शर्करा आणि तंतू किती, ते वाचा.

रताळ्यात बीटा-अमायलेज मुळातच असते, हेही ध्यानात घ्यावे. निखाऱ्यावर हळूहळू भाजताना ते काम करत राहते, म्हणूनच भाजलेले रताळे इतके गोड लागते. त्यापेक्षा उकडलेले बरे. उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास थोडे प्रतिरोधी पिष्टमय घरीही तयार होते. मात्र प्रमाण मोजकेच ठेवा, सोबत दही किंवा शेंगदाणे घ्या आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा. इन्सुलिन घेत असल्यास उपवासापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा.