गाडी विचारते, आम्ही सांगतो : सकाळचा चढा आवाज

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी २०२१ ची, बीएस-६ आहे. सकाळी सुरू केली की अर्धा-पाऊण मिनिट इंजिनाचा आवाज चढा असतो, मग आपोआप खाली येतो. सायलेन्सरमधून पाणीही ठिबकतं. गॅरेजवाला म्हणतो, आयडल कमी करून घ्या. वडील म्हणतात, निघण्याआधी पाच मिनिटं गाडी तापू द्यावी. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडीत काहीही बिघाड नाही. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरतं त्या वेगाला, कोणालाही हात लावू देऊ नका. तो चढा आवाज कंपनीने मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तो मुख्यतः कॅटकॉनसाठी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी आहे.

कॅटकॉन कापून पाहिला तर आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी दिसते. एका चौरस इंचात चारशे किंवा त्याहून जास्त बारीक नळ्या, आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या लेपावरून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. पण हा लेप थंड असेल तर जवळजवळ काहीच करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला त्याचं काम धड सुरू होतं. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे तो दहा-बारा अंशांवर असतो.

त्यात भर म्हणजे थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. ऑक्सिजन सेन्सरही तापलेला नसतो, त्यामुळे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण काही काळ अंदाजानेच चालतं. म्हणून आजच्या पेट्रोल गाडीची प्रयोगशाळेत चाचणी घेतली, तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा पहिल्या एक-दोन मिनिटांतच नोंदला जातो. युरोपात पूर्वीच्या चाचणीत इंजिन सुरू झाल्यावरची पहिली ४० सेकंदं धूर मोजतच नसत. २००० मध्ये युरो-३ हा धुराचा नवा नियम आला, मोजणी इंजिन सुरू होताक्षणी व्हायला लागली आणि कंपन्यांना कॅटकॉन लवकर तापवण्याच्या मागे लागावंच लागलं. नियम नेमका कुठे बोट ठेवतो याने किती फरक पडतो, ते मला इथे फार महत्त्वाचं वाटतं.

आता तुमच्या आवाजाकडे येऊ. एरवी पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी स्पार्क पडतो. थंड गाडीत कॉम्प्युटर तो मुद्दाम उशिरा पाडतो. मिश्रण उशिरा जळतं, पिस्टनला ढकलण्यात उष्णता कमी खर्च होते आणि तापलेला वायू एक्झॉस्टमध्ये जातो. अशा अशक्त धक्क्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून हवा आणि पेट्रोल वाढवतात, आरपीएम चढतो. थोडं पेट्रोल उष्णतेसाठीच जाळलं जातं, आणि ते योग्यच आहे. दुसरा उपाय जागेचा. पूर्वी कॅटकॉन गाडीच्या पोटाखाली, लांब असायचा. तिथे पोचेपर्यंत वायू निवायचा. आता तो बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांना, लागूनच असतो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सकाळच्या पहिल्या गाडीवर तापमानाची गन धरायला लावतो. मॅनिफोल्डजवळ आकडा भराभर चढतो, आणि मागच्या टोकाच्या पाइपला तेव्हा खुशाल हात लावता येतो.

वडिलांचा सल्ला जुन्या, कार्ब्युरेटर आणि चोकच्या गाड्यांना लागू होता. तुमच्या गाडीला नाही. आवाज एकदा खाली आला की उभ्या गाडीतून वायू कमी निघतो आणि पुढचं तापणं रेंगाळतं. सुरू करा, पट्टा लावा, निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये थंड गाडी सुरू ठेवून उभे राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो सर्वांत जास्त निघतो तो नेमका याच वेळी. पार्किंगच्या वर पहिल्या मजल्यावर कोणाची तरी खिडकी असते, आत लहान मूल झोपलेलं असतं.

पाण्याची काळजी नको. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. थंड पाइपात त्या वाफेचे थेंब होतात. पाइप तापला की ठिबकणं थांबतं. कूलंट कमी होत असेल आणि पांढरा धूर थांबतच नसेल, तरच दाखवा.

प्रश्न : सीएनजी गाडी सकाळी पेट्रोलवर का सुरू होते?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : दाब कमी होताना गॅस खूप थंड होतो, म्हणून रेड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला, इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब लागते. शिवाय सीएनजीतला मिथेन कॅटकॉनमध्ये जाळायला फार अवघड. त्याला पेट्रोलच्या वाफेपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. सक्तीने गॅसवर सुरू करायची सवय लावू नका.

प्रश्न : पीयूसी केंद्र आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. गाडी चांगली असून कार्बन मोनॉक्साइड जास्त आला. मशीन चुकीचं आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घरून थेट गेलात ना? मग कॅटकॉन थंडच होता. आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून लगेच तपासा. तरीही आकडा जास्त आला तर प्लग, कॉइल आणि सेन्सर पाहून घ्या. मिसफायर होत असेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल मधूनमधून पेटतच नसेल, तर दुरुस्ती पुढे ढकलू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते.