घाटापलीकडची नोकरी: गाडी घ्यावी की बसनेच जावं?

रोज कामाला बसने जावं की स्वतःची गाडी घ्यावी, या प्रश्नासाठी समुपदेशकाकडे कोण जाईल, असं वाटू शकतं. चिपळूण परिसरात काम करताना मात्र तो मला वारंवार भेटतो. येतो बहुतेकदा झोप लागत नाही, मुलांवर ओरडणं होतं, घरात खटके उडतात अशा तक्रारींच्या आडून. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

या ताई बहादूरशेख नाक्याजवळ राहतात. परशुराम घाटापलीकडच्या लोटे एमआयडीसीत एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतात. नवरा बोटीवर, घरी सासूबाई आणि चौथीतला मुलगा. वहीच्या पानावर सगळा हिशेब मांडूनच त्या आल्या होत्या. ६ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटरचं पेट्रोल महिन्याला साडेचार-पाच हजार, विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. दुसऱ्या बाजूला कंपनीची बस होती. ती चुकली तर एसटी, आणि मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धंच तिकीट. "हिशेबाने बसच बरी, हे मला कळतं मॅडम," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळचे पाच वाजले की छातीत धडधडायला लागतं."

मी हिशेबाची वही मिटायला सांगितली. पुढच्या भेटीपर्यंत रोज एवढंच लिहायचं ठरलं: आज प्रवासात जीव कधी वरखाली झाला आणि कशाने.

त्या नोंदी वाचताना चित्र स्पष्ट झालं. सकाळबद्दल तक्रार जवळजवळ नव्हतीच. खिडकीची जागा, शेजारची मैत्रीण, नेटवर्क मिळालं तर नवऱ्याचा मेसेज. दिवसभरात कोणी काही मागत नाही अशी तेवढीच वेळ. सगळा त्रास होता तो बॅच, म्हणजे कारखान्यात एका वेळी होणारं उत्पादन, लांबली की. कंपनीची बस ठरल्या वेळी सुटून जायची आणि या हायवेच्या कडेला उभ्या राहायच्या. लांब पल्ल्याच्या गाड्या हात केला तरी थांबत नाहीत, वडाप (प्रवासी जीप) भरलेलं येतं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर सासूबाई: "अजून किती वेळ?" त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसायचं. धडधड होती ती या प्रश्नाची.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा ताळेबंद लिहून घेतला होता. त्यात सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास सगळ्यांत कमी आनंदाचा निघाला. आमच्या ताईंचं नेमकं उलटं होतं. म्हणूनच अमुक साधन चांगलं, तमुक वाईट असं मी कोणालाही सांगत नाही. आपला जीव नेमका कुठल्या तासाला टांगणीला लागतो, ते आधी शोधावं.

ताईंच्या बाबतीत ते तास मोजकेच होते, आणि बरेचसे आदल्या दिवशी कळणारे, कारण बॅचचं वेळापत्रक त्यांच्याकडेच असायचं. तेवढ्यासाठी नवी गाडी आणि रोजचा घाट अंगावर घ्यायची गरज नव्हती. सासूबाईंना डेरवणच्या रुग्णालयात न्यायला गाडी लागतेच, हेही खरं होतं. नवऱ्याशी बोलून जुनी, लहान गाडी घ्यायचं ठरलं.

मग खरी अडचण पुढे आली. त्यांना परशुराम घाटाची भीती होती आणि ती खोटी नव्हती. २०२२ च्या पावसात दरडींमुळे घाट बंद ठेवावा लागला होता, हलकी वाहनं चिरणी-आंबडसवरून फिरवली होती. अशा वेळी "घाबरू नका" म्हणणं निरुपयोगी असतं. आम्ही पायऱ्या आखल्या. आधी रविवारी सकाळी, शिकवणाऱ्या बाई शेजारी बसवून, परशुरामाच्या देवळापर्यंत. तिथे हात थरथरणं थांबेपर्यंत बसायचं, मगच उतरायचं. ते अंगवळणी पडल्यावर लोट्यापर्यंत, मग एकटीने, मग तिन्हीसांजेला. पावसातली पायरी सगळ्यांत शेवटी. एका पायरीवर मन निवल्याशिवाय पुढची घ्यायची नाही, एवढाच नियम. मध्ये एका ट्रकने मागून जोरात हॉर्न दिला तेव्हा त्या दोन पायऱ्या मागे गेल्या, आणि ते ठीकच होतं.

सासूबाईंनाही एकदा बोलावलं. त्यांची काळजी फोनमधून थेट स्टिअरिंगवर पोचत होती. ठरलं असं की सून कंपनीच्या गेटमधून निघताना एक फोन करेल, मधल्या वेळात कोणी करायचा नाही. सासूबाईंनी मान डोलावली, पण एक अट घातली: घाटाबद्दल इशारा असेल त्या दिवशी गाडी दारातच राहील. ही अट मला फार शहाणपणाची वाटली.

हे उत्तर सगळ्यांचं नव्हे. ज्यांची कामाची पाळी बदलत राहते आणि जे रात्री अकराला सुटतात त्यांना गाडीवाचून किंवा सोबतीवाचून गत्यंतर नसतं. उलट ज्यांची सुटायची वेळ पक्की आहे त्यांनी आधी एसटीचा मासिक पास बघावा. २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास होतो.

ताई आता एरवी बसने जातात आणि बॅच लांबणार असेल त्या दिवशी गाडी काढतात. त्यांच्या विभागातल्या दोघीजणी अशा दिवशी सोबत येऊ लागल्या आहेत. पेट्रोलचे पैसे मागायचे कसे, याचा संकोच त्यांना वाटतो. पुढच्या भेटीत त्यावर बोलणार आहोत.